लेतूपोडाचा पत्ता

कुंदाताई वझलवारांच्या शिवणाच्या डब्यात टाचण्या कधी राहत नसत. बटणं, खडू, हुका, फॉलचे तुकडे सगळं जागच्या जागी असे; टाचण्या तेवढ्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या नकाशात खोचलेल्या. नकाशा यवतमाळ जिल्ह्याचा, कापडावर चिकटवलेला. कचेरीतून बाद झाला तेव्हा नीळकंठरावांनी तो गुंडाळून सायकलवरून घरी आणला, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्या भिंतीवर आधी लग्नातला फोटो होता. तो आतल्या खोलीत गाद्यांच्या वरच्या फळीवर गेला, तो आजतागायत तिथेच. टाचणीपासून टाचणीपर्यंत तांबडा दोरा ओढलेला होता. दोराही कुंदाताईंच्याच रिळाचा.

तो दोरा म्हणजे ‘सात मशालींची वाट’. हल्लीच्या मुलांना ही कादंबरी ठाऊक नसेल, पण कुंदाताईंच्या वयाच्या माणसांपुढे नुसतं नाव काढलं तरी डोळे लकाकतात. पेंढाऱ्यांनी लुटलेला देवळाचा ऐवज, तो शोधायला निघालेले तीन मित्र, जंगल, भुयारं, पाठलाग. लेखक इंग्रजी अमलात जंगलखात्यात कारकून होता आणि दोन वर्षं घाटंजीच्या बाजूला राहिला होता, एवढंच त्याच्याबद्दल माहीत. कादंबरीतली सगळी गावं त्यानं मनानं रचलेली. एकच नाव खरं वाटावं असं होतं, लेतूपोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. जखमी झालेला रायाजी तिथे महिनाभर लपून राहतो. पोडाच्या पायथ्याशी खडकाच्या फटीत एक झरा असतो. त्याचं पाणी आत कुठेतरी पडतं आणि बायका दबक्या आवाजात बोलत असाव्यात तसा आवाज येतो. पाठलागावरचे पेंढारी तो आवाज ऐकतात, इथे पुष्कळ माणसं आहेत असं समजून परत फिरतात.

हे पुस्तक घरात आलं ते कुंदाताईंच्या ट्रंकेतून. सातवीत पहिली आली म्हणून नेरच्या शाळेत मिळालेलं बक्षीस. पहिल्या पानावर हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात तिचं नाव होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नीळकंठरावांना कावीळ झाली. महिनाभर पडून राहायचं, खायला ज्वारीच्या लाह्या आणि ताक, चिडचिड नुसती. तेव्हा तिनंच ते पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं, वेळ जावा म्हणून. कावीळ उतरली, पुस्तक उतरलं नाही. वर्षभरानं तिनं सहज उघडून पाहिलं तर तिच्या नावावर जांभळ्या शाईचा शिक्का बसला होता: नीळकंठ वझलवार, भूमापक, दारव्हा. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं नाही. पानावर जागा कुठे आहे ते पाहायची त्यांना सवय होती, आधी काय लिहिलंय ते वाचायची नव्हती.

मग सुरू झाला शोध. दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, मधले शनिवार-रविवार. कुंदाताई चार भाकरी, जवसाची चटणी आणि सुकं पिठलं बांधून देत. नीळकंठराव पहिल्या बसनं यवतमाळ, तिथून घाटंजी, पुढे उकंडा कोतवालाला सोबत घेऊन पायी. कुंदाताईंचे वडील नेरला वारले तेव्हा जावई डोंगरात होते. तिसऱ्या दिवशी आले, तेही बुटांना चिखल तसाच. सलील आणि प्राची ही दोन्ही मुलं शाळेत असताना सुटीत कुठे गेलात या निबंधात आजोळच लिहीत. एकदा सलीलनं लिहिलं, बाबा गेले होते. मास्तरांनी त्यावर लाल रेघ मारली.

घरातल्या सगळ्या कागदांची सुवाच्य नक्कल करायचं काम कुंदाताईंचं. नीळकंठरावांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे. ते दिवाणावर पडून सांगत, त्या पाटावर बसून लिहीत. कुठे कादंबरीतला तपशील चुकला की त्या थांबत. रायाजीचा उजवा खांदा नव्हे, डावा, असं म्हणत. ते म्हणत, बघ जरा. त्या पुस्तक न उघडता सांगत, अकरावं प्रकरण. चौऱ्याण्णव साली नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत नीळकंठरावांचा लेख आला, ‘लेतूपोड सापडला’. खरं तर त्यात सापडण्यासारखं फार नव्हतं. मौजांच्या सरकारी यादीत ते नाव होतं, नकाशावर जागा होती, जागेवर झोपड्या होत्या, झोपड्यांच्या खाली झरा होता. नीळकंठरावांच्या खात्यात शिकवलेलंच होतं तसं. माणसं मरतात, शेतं वाटली जातात, बांध सरकतात. मौजाचं नाव मात्र आपल्या गट नंबराला धरून असतं.

त्या लेखानंतर लोक त्यांना ‘लेतूपोडवाले’ म्हणू लागले. ते ऐकून ते मान खाली घालत, पण पावलं हळू होत.

कुंदाताईंनी तो झरा पाहिला नव्हता. बारा वर्षांच्या असताना त्या धान्याच्या कोठीमागे बसून तेवढंच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचत. त्यांना ऐवज नको होता, भुयार नको होतं. बायका बोलतात तसं बोलणारं पाणी एकदा ऐकायचं होतं. लग्नानंतर एक-दोनदा त्या म्हणाल्या, मलाही न्या. ते म्हणाले, तुला झेपायचं नाही ते चढणं. पुढे त्यांनी म्हणणं सोडलं.

दोन हजार पाच साल उजाडलं. ती वर्षं अशी होती की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी यवतमाळचं नाव रोज टीव्हीवर येई आणि ते ऐकून बाहेरगावी शिकणारी मुलं आपलं गाव सांगायला कचरत. मुंबई-दिल्लीच्या गाड्या येत, कपाशीच्या शेतात कॅमेरे लागत, विश्रामगृहात खोली मिळत नसे. दारव्ह्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहत आणि गाडीखालीच माणसं झोपत. अशात एका दुपारी पंजाबराव आले. त्यांची घाटंजीला सरकी काढायची जिनिंग होती. ती बंद पडून दुसरं वर्ष सुरू झालं होतं. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. चिवड्याची बशी मांडीवर घेऊन ते म्हणाले, “सायेब, आपल्या जिल्ह्यात लोक येतात ते मढे मोजाले येतात. एखांदा तरी माणूस काही पाह्याले आला पायजे का नाई? तुमचा लेतूपोड मले द्या. मी त्याचं पर्यटन करतो.”

नीळकंठराव गहिवरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टाचण्यांना कुणी तरी खुर्ची पुढे केली होती. पंजाबरावांनी समिती केली, स्वतः अध्यक्ष झाले, नीळकंठराव तज्ज्ञ. झऱ्याभोवती दगडी बांधकाम, लोखंडी जाळी, संगमरवरी पाटी आणि रस्त्यापर्यंत मुरूम. पुण्याची एक प्रकाशन संस्था फोटोंसह नवी आवृत्ती काढणार होती. तिथली संपादक मुलगी, आभा, डिसेंबरात जागा पाहायला येणार होती. नीळकंठराव कुंदाताईंना म्हणाले, “तूही चल. बाईमाणूस सोबत असलं की तिला बरं वाटेल.” लग्नानंतर एकतीस वर्षांनी त्या निघाल्या त्या अशा, सोबत म्हणून. जीपमध्ये मागे बसल्या. डबा मांडीवर.

झरा दिसला तशा त्या पुढे गेल्या. पाणी होतं, चांगलं स्वच्छ होतं, एका उथळ खळग्यात साचत होतं. त्या उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. एक टिटवी ओरडली. जीपचं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं. पाणी गप्प होतं.

आभानं विचारलं, आवाज कुठे आहे. नीळकंठराव म्हणाले की सत्तर वर्षांत भूजलाची पातळी खाली गेली, आवाज गेला. त्यांच्या बोलण्यात अडखळ नव्हती. आभानं वहीत लिहून घेतलं. कुंदाताई तिथून हलल्या आणि वर झोपड्यांकडे गेल्या.

पाणी भरून परतलेल्या बायकांमध्ये एक म्हातारी होती. अंगानं वाळकी, पण मान ताठ. नाव जमनी. तिनं गडव्यात पाणी दिलं. कुंदाताईंच्या सासरी अशा ठिकाणी पाणी घेत नसत. हात पुढे व्हायला क्षणभर उशीर झाला, तो जमनीनं पाहिला. कुंदाताई सगळा गडवा प्यायल्या. मग लाज लपवायला त्यांनी विचारलं, हा झरा पूर्वी बोलायचा का.

जमनी हसली. “हा कायले बोलंल? बोलणारा तिकडं हाये. डोंगराच्या मांगं.”

“पण लेतूपोडाखालचा झरा…”

“तवा लेतूपोड तिकडंच होता वं बाई. माया लग्नाच्या बाद देवी आली. एका हप्त्यात सात जणं गेले. मंग घरं मोडली, लाकडं खांद्यावर घेतली, अन् अठी आलो.”

कुंदाताईंनी विचारलं की मग त्या जुन्या जागेला काय म्हणतात. जमनीला प्रश्नच कळला नाही. जागेले नाव कायचं, ती म्हणाली. नाव लेतूबुढ्याचं, म्हणजे आमचं. आम्ही जातो तिथं ते येतं.

खाली नीळकंठराव टेप धरून जाळीची मापं सांगत होते. कुंदाताई म्हणाल्या, मला दाखवता का. जमनीनं त्यांच्या चपलांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि निघाली. सागाची वाळकी पानं, घसरडा उतार, दोनदा कुंदाताई बसल्याच. अर्ध्या तासानं एका घळीत उतरल्यावर जमनी थांबली, बोट ओठांवर ठेवलं.

आधी काही नाही. मग खडकाच्या आतून कुणी तरी बोलू लागलं. एक बाई काही सांगत होती, दुसरी मध्येच हं म्हणत होती, लांब तिसरी हसली. शब्द ऐकू येतील येतील असं वाटे आणि येत नसत. कुंदाताई दगडावर बसल्या. आईच्या घरी दुपारी माजघरात मावश्या बसत, दार लोटलेलं असे आणि बाहेर झोपेचं सोंग घेतलेल्या पोरींना असंच ऐकू येई. किती वेळ गेला कळलं नाही. जमनीनं शेवटी त्यांचा दंड धरून उठवलं.

परतताना चढावर जमनी बोलली. इतका वेळ तिनं ते पोटात ठेवलं होतं.

“बाई, हे लोक आमच्या पाण्याले भिंत बांधून राह्यले म्हणते. जाळी लावणार. तुया मालकाले सांग. आमाले दुसरं पाणी नाई. हा बोलणारा दूर पडते, म्हाताऱ्या बायकांनं घागर घेऊन हा डोंगर चढाव काय?”

“सांगते,” कुंदाताई म्हणाल्या. “ते चुकीच्या जागी बांधताहेत. मी सांगितलं की थांबेल.”

त्यांना तसं खरंच वाटत होतं.

खाली सगळे ताटकळले होते. आभाचा मोबाईल लागत नव्हता, नीळकंठरावांचा चेहरा उतरलेला. जीपमध्ये ते म्हणाले, शेळ्यांसारखं कुठेही जायचं नसतं. कुंदाताईंना घळीची गोष्ट चारचौघांत सांगून त्यांचा पचका करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डाळ निवडत बसल्या होत्या आणि ते पेपर वाचत होते. त्यांनी सगळं सांगितलं. देवीची साथ, मोडलेली घरं, डोंगरामागची घळ, आवाज. आवाजाचं सांगताना त्यांना वाटलं, आता हे उठतील, चपला घालतील, चल म्हणतील. तीस वर्षं ज्यासाठी काढली ती गोष्ट त्या ताटात वाढून त्यांच्यापुढे ठेवत होत्या.

नीळकंठरावांनी पेपरची घडी घातली.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “एकोणनव्वद सालीच उकंड्यानं दाखवला होता.”

ताटातली डाळ तशीच राहिली. लेख चौऱ्याण्णवचा होता, म्हणजे पाच वर्षांनंतरचा. त्या लेखाची नक्कल त्यांनीच केली होती.

“मग?”

“तिथं जीप जात नाही.”

पुढे त्यांनी समजावूनही सांगितलं, खालच्या आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं. लोकांना जाता आलं पाहिजे, नाहीतर जागा सापडून उपयोग काय. कागदोपत्री लेतूपोड हाच आहे, नकाशा काढा, यादी काढा. घळ राखीव जंगलात, परवानग्या कोण काढणार. आणि झरा तो झरा, वाचकाला पाणी दिसलं म्हणजे झालं. कुंदाताईंनी पाण्याचं विचारलं. त्या बायकांनी काय करायचं. ते म्हणाले, जाळी म्हणजे काही किल्ल्याचा दरवाजा नव्हे, फाटक राहील, कुलूप राहणार नाही, मी पंजाबरावांना सांगतो. मग वही पुढे सरकवली. समितीला तज्ज्ञाचा दाखला हवा होता, आजच्या टपालानं.

त्या पाटावर बसल्या. नीळकंठरावांनी सांगितलं आणि त्यांनी उतरवून घेतलं. ‘सखोल संशोधनाअंती असे प्रमाणित करण्यात येते की मौजा लेतूपोड येथील सदर झरा हाच…’ अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल, सरळ, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. पुढे कित्येक महिने त्यांना त्याचंच नवल वाटे, की हात जरासुद्धा हलला नाही. कुलूप नको म्हणून आपण अट घातली आहे, असं त्या लिहिताना मनाशी म्हणत होत्या. ती अट त्या कागदात कुठेच नव्हती. ती फक्त त्यांच्या आणि नवऱ्याच्या मध्ये, डाळीच्या ताटाच्या वर कुठेतरी होती.

समारंभ फेब्रुवारीत झाला. मांडव, सतरंज्या, लाऊडस्पीकर, पुण्याहून आलेले पाहुणे, दोन पत्रकार. ते दोघं खरं तर दुसऱ्याच कामासाठी यवतमाळात होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आल्यासारखे आले. झऱ्याभोवती कमरेइतकी दगडी भिंत, वर लोखंडी जाळी, जाळीला झेंडूची माळ. सकाळपासून आत कुणाला जाऊ दिलं नव्हतं, फरशी धुतलेली होती. मांडवाच्या मागे पोडातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, त्या स्वागताला आल्यात. एकानं फोटोही काढला.

जमनी त्यांच्यात होती. कुंदाताई व्यासपीठावर, पाहुणीची ओटी भरायची म्हणून ताट घेऊन बसलेल्या. फाटकाला पितळी कुलूप होतं. त्यांनी ते आल्याबरोबर पाहिलं होतं आणि नवऱ्याकडे पाहिलं होतं. ते म्हणाले, आजच्या पुरतं आहे.

भाषणं झाली. नीळकंठरावांनी आवाज का गेला ते पुन्हा सांगितलं. त्यांना शाल मिळाली. त्यांचे डोळे भरून आले आणि ते खोटं नव्हतं. एवढ्या वर्षांनी कुणी शाल दिली की माणसाला रडू येतंच. मग पंजाबराव माईकवर म्हणाले, “यांच्या मांगं ज्या उभ्या राह्यल्या त्या वैनी. वैनी, दोन शब्द बोला.”

हे ठरलेलं नव्हतं. माईक हातात आला तो गरम होता. समोर चारशे माणसं, मागे घागरी. जमनी मांडवाच्या खांबाला टेकून त्यांच्याकडे पाहत होती. बघण्यात आग्रह नव्हता, राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं, पाण्याच्या रांगेत पाहतात तसं. कुंदाताईंच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. छोटंसं होतं. हा तो झरा नाही, आणि कुलूप काढा. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ते ती दोन्ही हातांनी धरून बसले होते.

“सर्वांचे आभार,” कुंदाताई म्हणाल्या आणि माईक परत दिला.

टाळ्या वाजल्या. पुन्हा पाहिलं तेव्हा खांबाजवळ जमनी नव्हती.

कुलूप आजच्या पुरतं नव्हतं. किल्ली पंजाबरावांच्या बंद जिनिंगमधल्या चौकीदाराकडे राहिली. कचरा होतो, फरशीवर शेवाळ येतं, बाहेरची माणसं आली की लाज वाटते, अशी कारणं होती. पोडाला टँकर येईल असं सांगितलं होतं. मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा आला, एप्रिलमध्ये एकदा आला. कुंदाताईंनी नवऱ्यामागे धोशा लावला. त्यांनी पंजाबरावांना दोन फोन केले, दोन्ही वेळा आधी नव्या आवृत्तीचं बोलणं झालं. मग कुंदाताईंनी स्वतः एक अर्ज लिहिला, स्वतःच्या नावानं, समितीला. उत्तर नीळकंठरावांच्या नावानं आलं: वहिनींच्या सूचनेचा योग्य तो विचार करण्यात येईल.

मे महिन्यात उकंडा दारव्ह्याला आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, पायातला काटा काढला, मग म्हणाला, “सायेब, लेतूपोड गेला.”

कुठे गेला, तर कुणाला न सांगता गेला. एका सकाळी झोपड्या नव्हत्या. चुलीचे दगड राहिले होते, बाकी छपराच्या बल्ल्या, भिंतींचे कूड, फाटक्या गोधड्यासुद्धा नेलेल्या. नीळकंठराव उठून नकाशापाशी गेले. मग म्हणाले, जूनमध्ये पुण्याची कॉलेजची मुलं येणार आहेत, त्यांना आता दाखवायचं काय? उकंड्यानं मान हलवली. तो कुंदाताईंकडे पाहत नव्हता. त्यावरून त्यांना कळलं, की पोड कुठे गेला ते त्याला ठाऊक आहे.

मुलं आली, पाटीपाशी उभं राहून फोटो काढून गेली. नवी आवृत्ती निघाली. त्यात झऱ्याचा रंगीत फोटो होता, खाली नीळकंठरावांचं नाव होतं आणि एका पानावर रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका होत्या: ‘लेतूपोडातील पारंपरिक स्वागत’.

डिसेंबरात कुंदाताईंनी नेरला भाचीच्या मुलाचं बारसं आहे असं सांगितलं. नेरच्या बसमध्ये न बसता त्या यवतमाळच्या बसमध्ये बसल्या. घाटंजीला उकंडा स्टँडवर होता. निरोप त्यांनीच धाडला होता. त्यानं भाड्याची जीप ठरवली होती. मुरमाच्या रस्त्यावर जीप सोडली, पाटी मागे पडली, झेंडूच्या वाळक्या देठांसकट कुलूप तसंच होतं. चढ लागल्यावर तो म्हणाला, मी अठीच बसतो. गुडघ्यावर हात देत कुंदाताई एकट्या वर गेल्या, पलीकडे उतरल्या.

आवाज आधी आला, झोपड्या मग दिसल्या. अकरा होत्या, घळीच्या वरच्या सपाटीवर, सागाच्या झाडांत लपल्यासारख्या. ज्या जागेबद्दल पंधरा आवृत्त्यांत लोकांनी वाचलं होतं, तिथे लेतूपोड परत येऊन बसला होता.

जमनी दारात सूप घेऊन बसली होती. तिनं कुंदाताईंना पाहिलं, सूप बाजूला ठेवलं. बस म्हणाली नाही. कुंदाताई उभ्याच राहिल्या. रस्त्यानं येताना त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, की मी त्या दिवशी बोलायला हवं होतं.

“हो,” जमनी म्हणाली.

खाली घळीत बायका पाणी भरत होत्या. खऱ्या बायका कुठल्या आणि पाणी कुठलं, ते वरून कळत नव्हतं. कुंदाताईंनी विचारलं, जिथे सात माणसं गेली तिथे परत यायला भीती नाही वाटली?

“वाटली ना. पण मेलेले माणसं कुलूप नाई लावत.”

मग तिनं सांगितलं, की गार्ड दोनदा येऊन गेला. राखीव जंगल आहे, उठा म्हणाला. अजून वरती कळवलेलं नाही. चार-सहा महिने कुणी आलं नाही तर राहू, कुणी आलं तर पुन्हा लाकडं खांद्यावर घेऊ. त्यानंतर कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं.

“तुया मालकाले सांगजो नको,” ती म्हणाली.

“नाही सांगणार.”

“अन् तू बी येजो नको, बाई. एक माणूस आला का वाट पडते.”

कुंदाताईंनी मान हलवली. जमनी उठली, आत गेली, गडवा भरून आणला. या वेळी कुंदाताईंनी हात लगेच पुढे केला. पाणी गार होतं, त्याला दगडाची चव होती. त्या उभ्या उभ्या प्यायल्या, गडवा परत दिला आणि निघाल्या. चढावर मध्येच थांबून वळून पाहावंसं वाटलं. त्यांनी पाहिलं नाही, पण थांबल्या मात्र, आवाज ऐकू येणं बंद होईपर्यंत.

घरी नीळकंठरावांनी विचारलं, नेर कसं काय? बरं झालं बारसं, त्या म्हणाल्या. साडीच्या काठाला सागाच्या पानाचा चुरा लागला होता, तो त्यांनी मोरीत झटकला.

जानेवारीत सोलापूरच्या कुणा वाचकाचं पत्र आलं. पाटी पाहून आलो, पोड दिसला नाही, हल्ली तो कुठे आहे, भेट द्यायची इच्छा आहे, सोबत सहा-सात मित्र आहेत. नीळकंठराव दोन दिवस अस्वस्थ होते. नकाशासमोर उभे राहून एक टाचणी हातात घेत, पुन्हा डबीत टाकत. तिसऱ्या दिवशी दिवाणावर आडवे झाले, डोळे मिटले आणि सांगू लागले. कुंदाताईंनी पाट ओढला.

“लिही. सदर वस्ती स्थलांतरित झाली असून…” ते थांबले. “उकंड्याला काही कळलं का गं? तू विचारलंस त्याला?”

“विचारलं. नाही म्हणतो.”

“…असून तिचा ठावठिकाणा लागत नाही.”

कुंदाताईंनी लिहिलं. ठावठिकाणा लागत नाही. अक्षर गोल, सरळ आलं. खाली जागा सोडली, कागद त्यांच्यापुढे धरला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.